पडद्यावरचे आकाश आणि गच्चीवरचे आकाश

वरळीला डॉ. ॲनी बेझंट मार्गावर नेहरू तारांगण सुरू झाले ते ३ मार्च १९७७ रोजी. घुमटाच्या मधोमध कार्ल झाइस कारखान्याचे प्रक्षेपणयंत्र होते. २००३ साली त्याची जागा संगणकावर चालणाऱ्या ‘डिजिस्टार-३’ या प्रणालीने घेतली. या काळात मुंबई-ठाण्याच्या असंख्य शाळांच्या सहली येथे येऊन गेल्या. जवळच असलेले नेहरू विज्ञान केंद्र १९८५ साली पूर्णपणे खुले झाले, तेव्हापासून ‘सकाळी विज्ञान केंद्र, दुपारी तारांगण’ हा सहलीचा ठरलेला क्रमच होऊन बसला.

सहल संपल्यावर दुसऱ्या दिवशी वर्गात एक साधा प्रश्न विचारून पाहावा: आपल्या शाळेच्या गच्चीवरून ध्रुवतारा किती उंचीवर दिसेल? उत्तर बहुधा येत नाही. यात तारांगणाचा दोष नाही. घुमटाखाली मुलांनी पाहिले भरपूर, पण स्वतः काही केले नाही. वेळ पुढेमागे करणे, दुसऱ्या गावी जाऊन आकाश पाहणे, ‘असे झाले तर काय दिसेल?’ हे तपासणे प्रेक्षकाच्या हातात नसते.

आज हे काम शाळेच्या साध्या संगणकावर करता येते. त्यासाठी ‘स्टेलॅरियम’ नावाची आज्ञावली विनामूल्य मिळते आणि ती मुक्त-स्रोत आहे. या दोन गुणांमुळे तिची शिफारस शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गांत वारंवार होते. शिफारस योग्यच आहे, पण ती बहुधा ‘फुकट आहे आणि छान दिसते’ एवढ्यावर थांबते. फुकट असणे आणि छान दिसणे हे दोन्ही शैक्षणिक गुण नव्हेत. म्हणून या आज्ञावलीचे परीक्षण थोडे काटेकोरपणे करू. ती काय शिकवते, काय चुकीचे शिकवू शकते, आणि ती मुक्त-स्रोत असल्याचा वर्गात नेमका काय उपयोग होतो, हे तीन प्रश्न आपल्यासमोर आहेत.

आज्ञावलीची ओळख

फाब्यां शेरो या फ्रेंच प्रोग्रामरने २००० साली स्टेलॅरियमचे काम सुरू केले. पुढे निरनिराळ्या देशांतील स्वयंसेवक त्यात सामील झाले. आवृत्ती १.० प्रसिद्ध व्हायला १ ऑक्टोबर २०२२ उजाडले, म्हणजे तब्बल दोन दशके हे काम थोडे थोडे करत वाढत गेले. मूळ संचातच सहा लाखांहून अधिक तारे आहेत. हवे असल्यास आणखी कोट्यवधी ताऱ्यांच्या याद्या जोडता येतात. एकदा संगणकावर उतरवून घेतली की आज्ञावलीला इंटरनेट लागत नाही. आपल्या शाळांच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे.

तिचा परवाना ‘जीपीएल’ या नावाने ओळखला जातो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जाहीर केलेल्या ‘ग्नू’ प्रकल्पातून हा परवाना निघाला. त्याचे सार चार हक्कांत सांगता येते: आज्ञावली कोणत्याही कामासाठी वापरावी, ती आतून कशी चालते हे वाचावे, तिच्यात बदल करावा, आणि मूळ किंवा बदललेली प्रत दुसऱ्याला द्यावी. पाककृतीचे उदाहरण घेऊ. बाजारातून आणलेले लोणचे खाता येते. पण शेजारीण जेव्हा लोणच्याबरोबर कृतीही लिहून देते, तेव्हा तिखट कमी करता येते, आणि बिघडले तर का बिघडले हेही कळते. मुक्त-स्रोत म्हणजे कृतीसकट मिळालेले लोणचे.

उघडल्याबरोबर पॅरिस

आता दोषांकडे वळू. इंटरनेट नसलेल्या संगणकावर स्टेलॅरियम पहिल्यांदा उघडली की ती निरीक्षकाला पॅरिसमध्ये उभे करते, आणि भोवती फ्रान्समधील एका खेड्याचा देखावा दिसतो. देखावा सुंदर आहे आणि घोटाळा त्यातच आहे. पडदा इतका पटण्याजोगा असतो की ठिकाण बदलायचे राहून गेले हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

हे राहून गेले तर काय होते? पॅरिसचे अक्षांश सुमारे ४९ अंश उत्तर, वरळीचे १९ अंश. ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची उंची, म्हणजे उन्नतांश, जवळजवळ निरीक्षकाच्या अक्षांशाएवढे असतात. पॅरिसच्या पडद्यावर ध्रुव ४९ अंशांवर दिसतो. वरळीत तो १९ अंशांवर, म्हणजे हात लांब करून एकावर एक दोन मुठी धरल्या तर त्यांच्याही किंचित खाली असतो. अगस्त्य हा आकाशातला दुसऱ्या क्रमांकाचा तेजस्वी तारा पॅरिसमधून कधीच उगवत नाही. वरळीत तो फेब्रुवारीच्या संध्याकाळी दक्षिणेला सुमारे १८ अंशांपर्यंत चढतो. म्हणजे मुंबईकराला ध्रुव उत्तरेला जितका वर, जवळजवळ तितकाच अगस्त्य दक्षिणेला वर. ही जोडी लक्षात ठेवण्याजोगी आहे. स्टेलॅरियम उघडल्यावर पहिली तपासणी हीच करावी. ध्रुव आणि अगस्त्य यांच्या उंचीत एका अंशाच्या आसपास फरक दिसला, तर आपण मुंबईत आहोत.

दोष सांगितला, पण तो वर्गात वापरूनही घेता येतो. मुलांना ठिकाण न सांगता आकाश दाखवावे आणि ‘आपण कुठे उभे आहोत?’ असे विचारावे. अक्षांश म्हणजे काय हे फळ्यावरच्या गोलापेक्षा या खेळातून लवकर उमगते.

पडदा काय लपवतो

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पडद्यावर तेजस्वी तारा मोठ्या ठिपक्याने दाखवावा लागतो, कारण पडद्याच्या तेजस्वितेला मर्यादा असते. मुले यावरून ‘तेजस्वी म्हणजे मोठा’ असे समजतात. प्रत्यक्षात डोळ्याला आणि बहुतेक दुर्बिणींनाही तारा बिंदूच दिसतो. ठिपक्याचा आकार ही केवळ लिहिण्याची पद्धत आहे. नकाशात राजधानीसाठी मोठा गोल काढतात, तसेच हे. हे शिक्षकाने सांगितले नाही तर आज्ञावली ते आपणहून सांगत नाही.

तिसरा आक्षेप आकाराचा. आकाश आपल्याभोवती वाटीसारखे असते, पडदा ही खिडकी आहे. उंदराचे चाक फिरवले की चंद्र पडदाभर होतो. मग खरा चंद्र अर्धा अंशच रुंद आहे, लांब धरलेल्या करंगळीच्या निम्म्याने तो झाकला जातो, यावर मुलांचा विश्वास बसत नाही. कोनीय अंतराची जाणीव पडद्यावर येत नाही, ती हात लांब करूनच येते. या बाबतीत तारांगणाचा घुमट सरस आहे, आणि तो तसाच राहील.

चौथा आक्षेप म्हणजे पडद्यावरचे आकाश फारच स्वच्छ असते. वरळीच्या आकाशात दिव्यांचा उजेड आणि धूळ यांमुळे मोजकेच तारे दिसतात. मुलगा पडद्यावर आकाशगंगेचा पट्टा पाहून गच्चीवर जातो आणि निराश होऊन खाली येतो. निराशेपेक्षा वाईट म्हणजे पडदा खरा आणि आकाश खोटे, असे त्याला वाटू लागते. यावर उपाय आज्ञावलीतच आहे. तिच्यात प्रकाशप्रदूषणाची ‘बॉर्टल’ मापनश्रेणी दिली आहे. १ म्हणजे अतिशय काळोखे आकाश, ९ म्हणजे महानगराचे मध्य. मुलांनी जानेवारीच्या एखाद्या रात्री मृग नक्षत्रातले तारे गच्चीवरून मोजावेत. काक्षी, राजन्य आणि पोटातल्या बाणाचे तीन तारे तर दिसतीलच, पण मृगाच्या डोक्याशी असलेला मंद ताऱ्यांचा पुंजका दिसतो का? दुसऱ्या दिवशी पडद्यावर श्रेणी बदलत जाऊन आपल्या मोजणीशी कोणता आकडा जुळतो ते पाहावे. ‘ग्लोब ॲट नाइट’ या उपक्रमात २००६ पासून जगभरचे लोक साधारण याच रीतीने आकाशाचा काळोख मोजतात. येथे पडदा उत्तर देत नाही, मोजपट्टीचे काम करतो. आज्ञावलीचा योग्य उपयोग तो हाच.

काठी आणि बाराची गोष्ट

‘दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो’ हे वाक्य आपल्या तोंडी इतके बसले आहे की ते तपासावेसे वाटत नाही. स्टेलॅरियममध्ये वरळीचे ठिकाण निवडून सूर्य याम्योत्तर वृत्तावर केव्हा येतो ते पाहा. वर्षभरात तो कधीही बारा वाजता येत नाही. नोव्हेंबरच्या आरंभी साधारण १२ वाजून २२ मिनिटांनी आणि फेब्रुवारीच्या मध्याजवळ १२ वाजून ५३ मिनिटांनी, अशा दोन टोकांच्या मध्ये तो झुलतो.

कारण सोपे आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताची आहे आणि वरळी सुमारे ७२.८ अंशांवर आहे. एका अंशाला चार मिनिटे धरली तर फरक सुमारे ३९ मिनिटांचा होतो. प्रमाणवेळ १९०६ साली लागू झाली तरी मुंबई शहराने आपली ३९ मिनिटे मागे असणारी ‘मुंबई वेळ’ १९५५ पर्यंत जपली होती. जुन्या गिरणगावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात हा उल्लेख एके काळी येत असे. उरलेला मागेपुढेपणा पृथ्वीच्या लंबवर्तुळाकार कक्षेमुळे आणि कललेल्या अक्षामुळे येतो.

आता हे पडद्यावर पाहून मान्य करायचे नाही. मैदानात एक मीटर उंचीची काठी ओळंब्याने सरळ उभी करावी आणि सर्वांत आखूड सावली केव्हा पडते ते नोंदवावे. वरळीत २२ डिसेंबरला ही सावली सुमारे ९१ सेंटिमीटर, तर २१ मार्च आणि २३ सप्टेंबरला सुमारे ३४ सेंटिमीटर भरते. १५-१६ मे आणि २७-२८ जुलैला ती जवळजवळ नाहीशी होते. या दोन तारखांच्या दरम्यान माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेकडे पडते. मुंबईत सावली दक्षिणेला पडू शकते हे अनेक मोठ्या माणसांनाही ठाऊक नसते. अडचण एवढीच की मे महिन्यात शाळेला सुट्टी असते आणि जुलैत आभाळ असते. म्हणून मेमधले निरीक्षण मुलांनी घरच्या गच्चीवर करावे आणि बाकीचे शाळेत. काठीने दिलेली वेळ आणि पडद्यावरची वेळ यांत दोन-तीन मिनिटांचा फरक पडेल, कारण सावलीची कड धूसर असते. तो फरक का पडला यावर होणारी चर्चा हाच खरा तास.

शाळेचे स्वतःचे क्षितिज

येथपर्यंत सांगितलेले प्रयोग एखाद्या बंदिस्त आज्ञावलीवरही जमले असते. मुक्तपणाचा हिशेब आता सुरू होतो.

फ्रेंच खेड्याचा देखावा आपल्याला नको आहे. आज्ञावलीत समुद्राचाही एक देखावा आहे. वरळी सी-फेसवरून पश्चिमेकडे पाहणाऱ्याला तो चालेल. पण पूर्वेकडे उंच इमारती आहेत, त्यांचे काय? स्टेलॅरियममध्ये क्षितिजाचा देखावा म्हणजे एका कप्प्यात ठेवलेल्या साध्या फायली असतात. त्यांतला एक प्रकार असा आहे की चित्र लागतच नाही. दोन रकान्यांची मजकूर-फाईल पुरते: पहिल्या रकान्यात दिगंश, दुसऱ्यात त्या दिशेला क्षितिज किती अंश वर आहे तो आकडा.

ही फाईल मुलांनीच तयार करावी. कोनमापक, दोरा, एक जड नट आणि नेम धरायला कागदाची नळी एवढ्या साहित्यात उन्नतांश मोजता येतात. दिशांसाठी होकायंत्र घ्यावे. मात्र गच्चीवर लोखंडी टाक्या आणि सळया असतील तर त्याचा काटा फसवतो. म्हणून उत्तर दिशा काठीच्या आखूड सावलीवरून ठरवावी. दर दहा अंशांना एक, अशा छत्तीस नोंदी. एका इमारतीची उंची चार गटांनी मोजली की चार वेगवेगळे आकडे येतात. सरासरी, चूक आणि मोजण्याची मर्यादा हे शब्द तेव्हा पुस्तकातून बाहेर येतात.

फाईल कप्प्यात ठेवली की पडद्यावर आपल्या शाळेचे क्षितिज उभे राहते. ते बरोबर आहे का हे तपासायची रीतही सोपी आहे. पडद्यानुसार अमुक दिवशी सूर्य अमुक इमारतीमागे अमुक वेळी जायला हवा. गच्चीवर जाऊन पाहा, अर्थात सूर्याकडे थेट न पाहता, इमारतीची सावली आपल्यावर कधी येते त्यावरून. वेळ जुळली नाही तर चूक कोणाची? आज्ञावलीची, कोनमापकाची की आपल्या नोंदीची? तीनही शक्यता उघड्या असतात, कारण तीनही गोष्टी उघडून पाहता येतात. नववी-दहावीच्या मुलांना वैज्ञानिक पद्धत शिकवायला यापेक्षा स्वस्त साधन मला माहीत नाही.

मृग लागतो तेव्हा मृग कुठे असतो?

आपल्याकडे जूनच्या ७-८ तारखेला ‘मृग लागला’ म्हणतात. मृग नक्षत्र त्या दिवसांत आकाशात दिसते, अशी अनेक विद्यार्थ्यांची समजूत असते. वस्तुस्थिती उलट आहे. स्टेलॅरियममध्ये ८ जूनची दुपार लावा आणि वातावरण बंद करा. भरदिवसा तारे दिसू लागतील, आणि सूर्य रोहिणी मागे टाकून मृगाच्या माथ्याकडे सरकताना दिसेल. मृग ‘लागणे’ म्हणजे सूर्य त्या भागात येणे. म्हणूनच तेव्हा मृग दिसत नाही. पावसाची सगळी नक्षत्रे, रोहिणीपासून हस्तापर्यंत, अशी एकामागून एक पाहता येतात. शेतकऱ्याच्या तोंडचे कॅलेंडर आणि पुस्तकातले क्रांतिवृत्त एकाच गोष्टीची दोन नावे आहेत, हे वातावरण काढून टाकणाऱ्या या एका कळीमुळे कळते.

आज्ञावलीत निरनिराळ्या संस्कृतींची तारकाचित्रे आहेत, त्यांत भारतीय नक्षत्रांचाही संच आहे. त्याबद्दल माझी तक्रार अशी की एवढ्या मोठ्या देशाचे आकाश एका संचात मावत नाही. समुद्रावर जाणाऱ्यांची, गुराख्यांची, आदिवासींची आपापली नावे असतात. पण हे संचही फायलींच्या रूपात असतात आणि नवे जोडता येतात. वरळी कोळीवाड्यातल्या विद्यार्थ्यांनी घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून नावे गोळा केली, ती नीट तपासून लिहून काढली, तर त्यांचा संच तयार होऊ शकतो. याच विद्यार्थ्यांना आणखी एक काम देता येईल. कोकण किनाऱ्यावर ठोकताळा आहे की तिथीची पाऊणपट केली म्हणजे भरतीची वेळ येते. पंधरा तिथींमध्ये भरतीची वेळ बारा तासांनी सरकते, म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटे. ठोकताळा ४५ धरतो. पडद्यावरून चंद्र याम्योत्तरावर येण्याची वेळ घ्यावी, भरतीची वेळ छापील कोष्टकातून घ्यावी, आणि पंधरा दिवसांची तुलना करावी. आजोबांचा हिशेब कुठे बसतो आणि कुठे सरकतो ते मुलांना स्वतः दिसेल.

भाषेचेही असेच आहे. स्टेलॅरियमची भाषांतरे स्वयंसेवक करतात; जे शब्द भाषांतरित झालेले नसतात ते इंग्रजीतच दिसतात. उन्नतांश, दिगंश, क्रांती, विषुवांश, खस्वस्तिक हे आपले शब्द तयार आहेत. ते योग्य जागी बसवायला प्रोग्रामर लागत नाही, विषय जाणणारा मराठी शिक्षक लागतो. ‘मराठीत नाही’ म्हणून आपण तक्रार करतो. येथे तक्रारीचे निवारण तक्रार करणाराच करू शकतो.

पाच हजार वर्षांपूर्वीचे आकाश

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. या प्रकारच्या आज्ञावल्या वापरून पुराणातल्या घटनांच्या नेमक्या तारखा ‘सिद्ध’ केल्याचे दावे अधूनमधून वाचायला मिळतात. विद्यार्थी ते पाहतात आणि शिक्षकांना विचारतात: संगणकानेच तारीख काढली आहे, मग ती खोटी कशी?

या प्रश्नाला ‘असल्या गोष्टींवर विश्वास ठेवू नका’ हे उत्तर पुरेसे नाही. स्टेलॅरियममध्येच उत्तर शोधता येते. पहिली गोष्ट, ग्रहस्थितींची पुनरावृत्ती होते. गुरू आणि शनी सुमारे वीस वर्षांनी एकत्र येतात आणि साधारण साठ वर्षांनी आकाशाच्या त्याच भागाजवळ. वर्णन जितके सैल, तितक्या जास्त तारखा त्यात बसतात. ‘अमुक ग्रह अमुक नक्षत्राजवळ’ यातल्या ‘जवळ’चा अर्थ पाच अंश की पंचवीस, हे आज्ञावली ठरवत नाही, वापरणारा ठरवतो. दुसरी गोष्ट, ग्रहांची स्थाने काढायला स्टेलॅरियम मूळ रूपात ‘व्हीएसओपी८७’ हा सिद्धान्त वापरते. बुध ते मंगळ या ग्रहांसाठी त्याची उच्च अचूकता इसवी सन २००० च्या अलीकडे-पलीकडे चार हजार वर्षांपुरती आहे. गुरू-शनींसाठी ती दोन हजार वर्षांपुरतीच आहे. त्यापलीकडे आज्ञावली आकडे देत राहते. पडदा थांबत नाही, अचूकता मात्र घसरते.

तिसरी गोष्ट मुलांना प्रत्यक्ष करून दाखवण्यासारखी आहे. पृथ्वीचे स्वतःभोवती फिरणे भरती-ओहोटीच्या घर्षणामुळे सावकाश मंदावत आहे. त्यामुळे एकसमान चालणारे घड्याळ आणि पृथ्वीच्या फिरण्यावरचे घड्याळ यांत तफावत साचत जाते. पाच हजार वर्षे मागे गेले तर ती वीस तासांच्या आसपास जाते आणि तिच्यातली अनिश्चितताही तासांत मोजावी लागते. ती काढण्याची अनेक सूत्रे निरनिराळ्या अभ्यासकांनी दिली आहेत, आणि स्टेलॅरियमच्या मांडणीत त्यांची यादीच आहे. एखादे अतिप्राचीन सूर्यग्रहण घ्यावे, सूत्र बदलावे, आणि ग्रहण कोणत्या गावाहून दिसते ते पुन्हा पाहावे. तासाभराच्या फरकाने पृथ्वी १५ अंश फिरते. पहिल्या सूत्राने ज्या गावावर खग्रास, दुसऱ्या सूत्राने त्या गावावर ते नाहीच, असे घडू शकते.

बंदिस्त आज्ञावलीत यांपैकी एक सूत्र आत दडलेले असते आणि पडद्यावर एकच ठाम उत्तर येते. मुक्त-स्रोत आज्ञावली आपले गृहीतक उघडे मांडते आणि बदलू देते. विज्ञानाचा दावा आणि अधिकारवाणी यांतला फरक हाच आहे. विज्ञानात ‘मी सांगतो म्हणून’ चालत नाही, ‘हे असे काढले, तुम्हीही काढून पाहा’ असे सांगावे लागते. शाळेत मुक्त-स्रोत साधन का वापरावे, याचे माझ्या मते सर्वांत सबळ कारण पैशाची बचत हे नसून हे आहे.

उलट तपासणीही करावी. २१ डिसेंबर २०२० च्या संध्याकाळी गुरू आणि शनी एकमेकांपासून केवळ एक दशांश अंशावर आले होते. त्याची छायाचित्रे सर्वत्र आहेत. पडदा त्याच्याशी जुळतो. आपल्या काळात आज्ञावलीवर विसंबण्याचा आधार हा असा पडताळा आहे, आणि प्राचीन काळात असा पडताळा क्वचितच मिळतो.

फुकट आणि मुक्त

फुकट मिळणारी प्रत्येक गोष्ट मुक्त नसते. शाळांनी एके काळी फ्लॅश या तंत्रावर बनवलेली ई-शिक्षणाची साधने हौसेने जमवली. ३१ डिसेंबर २०२० रोजी अडोबी कंपनीने फ्लॅशचा आधार काढून घेतला आणि ती साधने उघडेनाशी झाली. याउलट मायक्रोसॉफ्टने २००८ साली काढलेली ‘वर्ल्डवाइड टेलिस्कोप’ ही अशीच आकाशदर्शक आज्ञावली. तिचा स्रोत २०१५ मध्ये खुला झाला आणि पुढे अमेरिकेतील खगोलशास्त्रज्ञांच्या संस्थेने ती चालू ठेवली. उघडी कृती हाती असली की स्वयंपाकी बदलला तरी पदार्थ टिकतो. स्टेलॅरियमच्या नावातही एक गोंधळ आहे. मोबाईलवरील स्टेलॅरियम हे वेगळ्या कंपनीचे उत्पादन आहे आणि त्याची पूर्ण आवृत्ती विकत घ्यावी लागते. शिक्षकांनी मुलांना नाव सांगताना हा फरक सांगावा.

मुक्त-स्रोताच्या पुरस्कर्त्यांनाही एक गोष्ट सुनवायला हवी. साधन मुक्त असले तरी शाळेतला संगणक मुक्त नसतो. मुंबईतील एका शाळेत मी गेलो असता संगणककक्ष सुसज्ज होता, पण नवी आज्ञावली बसवण्याचा परवलीचा शब्द देखभाल करणाऱ्या ठेकेदाराकडे होता, आणि ठेकेदार महिन्यातून एकदा येत असे. जुन्या यंत्रांवर नवी आवृत्ती अडखळते, तेव्हा तिची जुनी आवृत्ती शोधून बसवणारे कोणी हवे असते. केरळने २००१ साली ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्प सुरू केला आणि पुढे शालेय संगणक मुक्त-स्रोत प्रणालीवर आणले. तेथे शिक्षकांतूनच प्रशिक्षक तयार केले गेले, हा त्या अनुभवाचा गाभा आहे. आपल्याकडे मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने मुक्त-स्रोत आज्ञावल्यांचे छोटे पाठ मराठीतूनही दिले आहेत. साहित्य आहे, शिक्षकाला तास आणि अधिकार देण्याची तयारी हवी. संगणककक्षाची किल्ली आणि परवलीचा शब्द विज्ञानशिक्षकाच्या हातात नसेल, तर परवान्यातले चारही हक्क कागदावरच राहतात.

निष्कर्ष

स्टेलॅरियम हे शाळेसाठी उत्तम साधन आहे, अट एवढीच की ते आकाशाऐवजी नव्हे, आकाशाबरोबर वापरावे. पडद्यावर पाहिलेली प्रत्येक गोष्ट काठीने, मुठीने, कोनमापकाने किंवा निदान दुसऱ्या सूत्राने तपासावी. तारांगणाची सहल बंद करू नये. उलट सहलीच्या आधी आठवडाभर मुलांनी स्टेलॅरियमवर काम करावे, म्हणजे घुमटाखाली ती प्रश्न घेऊन बसतील. जमल्यास वर्षातून एक रात्र शहराबाहेर काढावी. खगोल मंडळासारख्या संस्था वांगणीला आकाशदर्शन घडवतात.

सुरुवात लहान ठेवावी. या महिन्यात ठिकाण बरोबर लावणे आणि ध्रुव-अगस्त्याची तपासणी. पुढच्या महिन्यात काठीची सावली. सहामाहीनंतर शाळेचे क्षितिज. छत्तीस नोंदींची ती छोटी फाईल शेजारच्या शाळेला द्यावी आणि तिची मागून घ्यावी. वरळीची, लालबागची आणि परळची क्षितिजे शेजारी शेजारी ठेवली की एकाच शहरात सूर्य वेगवेगळ्या वेळी का मावळताना दिसतो, या प्रश्नावर मुले आपणहून भांडू लागतील. त्या भांडणात शिक्षकाने लगेच निकाल देऊ नये.